स्लायडर शून्यावर, जबाबदारीही शून्यावर

एका शासकीय विभागाने सण-उत्सवांवरची छायाचित्र स्पर्धा जाहीर केली आहे. विषय उत्तम, बक्षिसेही बरी. पण अटींमध्ये एक कलम असे आहे की, प्रत्येक चित्राची मूळ रॉ फाइल द्यायची, ती असंपादित असायची, जेपीजी स्वरूपात असायची आणि पाच एमबीच्या आत बसायची. न भाजलेली भाकरी ताटात वाढा म्हणण्यातलाच हा प्रकार. या महिन्याच्या टपालातली निम्म्याहून अधिक पत्रे या एका कलमावर आहेत.

त्यातल्या एका वाचकाची हकिगत ऐका. त्यांनी प्रामाणिकपणे सीआर३ फाइलच पेनड्राइव्हवर नेऊन दिली. ‘फाइल उघडत नाही’ असा शेरा मारून ती परत आली. मग त्यांनी लाइटरूममध्ये सगळे स्लायडर शून्यावर ठेवून जेपीजी काढली. तीही परत आली, कारण एक्झिफमधल्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात अ‍ॅडोबीचे नाव सापडले. नाव सापडले म्हणजे संपादन झाले, असा निष्कर्ष. त्याच गावातल्या दुसऱ्या स्पर्धकाने कॅमेऱ्यातच ‘व्हिव्हिड’ लावून, वर सॅच्युरेशन दोन घरे चढवून काढलेली जेपीजी दिली. ती मात्र असंपादित म्हणून बिनबोभाट स्वीकारली गेली. काँट्रास्ट, शार्पनिंग, रंग सगळे तिथेही बदललेच होते. फक्त ते काम कॅमेऱ्याच्या प्रोसेसरने केले आणि त्याने रकान्यात संशयास्पद नाव लिहिले नाही.

रॉ फाइल डिमोझेक केल्याशिवाय, पांढऱ्याचा समतोल गुणल्याशिवाय, प्रोफाइल आणि टोन कर्व्ह लावल्याशिवाय पडद्यावर चित्र म्हणून येतच नाही, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. साहेबांना सांगायला हवे. आणि शून्यावरचा स्लायडर म्हणजे काही न करणे नव्हे, हे तर आपल्यातल्याही बऱ्याच जणांना पुन्हा सांगायला हवे. लाइटरूममध्ये तुम्ही कशालाही हात लावला नाहीत, तरी रॉ फाइलवर शार्पनिंग ४० असते, कलर नॉइज २५ असते आणि एप्रिल २०१८पासून प्रोफाइल ‘अ‍ॅडोबी कलर’ असते. त्याआधी ते ‘अ‍ॅडोबी स्टँडर्ड’ होते. म्हणजे कंपनीने आपले मत बदलले आणि लोकांचे ‘मूळ’ चित्र बदलले. फाइल निकॉनची एनईएफ असेल, तर तीच निकॉनच्या एनएक्स स्टुडिओत उघडा, ती कॅमेऱ्यातले पिक्चर कंट्रोल घेऊन उघडेल. कॅप्चर वनमध्ये उघडा, तिथला कर्व्ह वेगळा. तीन ठिकाणी तीन शून्ये, तीन चित्रे. यातले असंपादित कोणते, ते विभागाने एका परिपत्रकाने कळवावे.

बनावट चित्रे रोखायची इच्छा रास्त आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्यांना हे खरेच जमवायचे असते ते काय मागतात ते पाहा. वर्ल्ड प्रेस फोटोच्या स्पर्धेत पुढच्या फेरीत पोहोचलेल्यांकडून मूळ फाइल वेगळी मागवतात आणि पाठवलेल्या चित्राशी ताडून बघतात. २०१५च्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतल्या सुमारे २० टक्के प्रवेशिका या तपासणीत बाद झाल्या. याउलट रॉयटर्सने नोव्हेंबर २०१५मध्ये आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवले की, रॉवरून तयार केलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यातलीच जेपीजी पाठवा. दोघांची मते टोकाची, पण आपण काय मागतो आहोत हे दोघांनाही ठाऊक होते. आपल्याकडे दोन्ही टोके एकाच वाक्यात कोंबली आणि वर पाच एमबीचे कुलूप लावले.

आता जरा घरात पाहू. कारण सगळे खापर साहेबांवर फोडून भागणार नाही. याच टपालात दर चार पत्रांमागे एक पत्र असे आहे, की कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र झकास दिसते, लॅपटॉपवर रॉ उघडली की दोन सेकंदांत फिकट पडते. कॅमेरा सर्व्हिसला द्यावा का? अहो, ते आधी दिसते ते फाइलमध्ये दडलेले जेपीजी प्रिव्ह्यू. नंतर सॉफ्टवेअर स्वतःचे चित्र बांधते. काहींच्या कॅमेऱ्यात तर अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग कायमचे चालू असते. ते एक्स्पोजर कमी करून घेते आणि सावल्या नंतर उचलते. कंपनीच्या सॉफ्टवेअरबाहेर ती उचल होत नाही, चित्र काळवंडते. कॅमेरा ठणठणीत आहे. मेन्यू उघडायचा कंटाळा आहे.

आणि या कंटाळ्यावरचा बाजारातला उपाय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर विकत मिळणारे प्रीसेट. दोन हजार फोटो, एक प्रीसेट, एक क्लिक, अल्बम तयार. त्याचे फळ बघायचे तर हळदीचे फोटो काढा. हळद निळा प्रकाश गिळते आणि लाल-हिरवा भरभरून परत पाठवते. रॉ फाइलमध्ये नवरीच्या गालावरची हळद तपशिलासह असते, कोरडी, ओली, बोटांच्या रेघांसकट. वर काँट्रास्ट आणि व्हायब्रन्स चढवणारे प्रीसेट टाकले, एसआरजीबीमध्ये एक्सपोर्ट केले, की निळी वाहिनी शून्यावर जाऊन बसते, लाल २५५वर. रेघा गेल्या, उरला पिवळा डाग. लॅबवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे डागच पोहोचला होता. करायचे ते एवढेच: आधी न्यूट्रल किंवा पोर्ट्रेट प्रोफाइल, मग पिवळ्या आणि केशरीचे सॅच्युरेशन खाली, आणि एक्सपोर्टआधी सॉफ्ट प्रूफिंग चालू करून रंगकक्षेबाहेर काय जाते ते बघणे. काँट्रास्ट त्यानंतर. आणि हळदीच्या फ्रेममध्ये ऑटो व्हाइट बॅलन्सवर भिस्त ठेवू नका. सगळी चौकट पिवळी असली की ते निळ्याकडे ओढते, तेही दर फोटोला वेगळे. ग्रे कार्डाचा एक फोटो मांडवात गेल्यावर काढा, दिवे बदलले की दुसरा. बाकी सगळे सिंक करता येते.

स्टेजवरच्या जांभळ्या एलईडीचे मात्र याने भागत नाही. तिथे निळी वाहिनी सेन्सरवरच भरून वाहते. एक वाहिनी भरली, तर सॉफ्टवेअर उरलेल्या दोन वाहिन्यांवरून अंदाज बांधते. पण अशा दिव्यात बाकीच्या दोन वाहिन्यांत फारसे काही असतच नाही. नंतर टेम्परेचर कितीही फिरवा, शालूचा काठ परत येत नाही. कॅमेऱ्यात एकत्रित हिस्टोग्राम न बघता तिन्ही रंगांचा वेगळा लावा, पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवा, म्हणजे तो हिस्टोग्राम निदान फार खोटे बोलणार नाही, आणि निळा काठाला लागला की एक्स्पोजर उतरवा. बँडवाल्यांपेक्षा दिवेवाल्याशी आधी ओळख करून घेणे हाही सेटिंगचाच भाग आहे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

ज्यांना स्वतःच्या फाइलवर कोणते प्रोफाइल लागले आहे हे माहीत नाही, ते विभागाला रॉ म्हणजे काय हे कोणत्या तोंडाने समजावणार? तुळशीच्या लग्नानंतर कोणाला डोके वर काढायला सवड नसते. त्याआधी एक संध्याकाळ काढा. आपल्या प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक फोटो उघडून प्रोफाइल, शार्पनिंग, नॉइज स्वतः ठरवा आणि तेच डीफॉल्ट म्हणून साठवा. विकत घेतलेले प्रीसेट त्यानंतर हवे तर ठेवा.

स्पर्धेच्या कलमाबाबत आम्ही विभागाला सुधारित मसुदा पाठवत आहोत. स्पर्धकाने रूपांतरित चित्र एसआरजीबी जेपीजीमध्ये द्यावे. निवड झाल्यावर कॅमेऱ्याची मूळ फाइल कंपनीच्या स्वरूपात किंवा डीएनजीत वेगळी मागवावी, आकाराच्या अटीविना. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, काँट्रास्ट आणि क्रॉप चालतील. चित्रात काही घालणे-काढणे चालणार नाही. सॉफ्टवेअरच्या रकान्यातले नाव हे बाद करण्याचे कारण असू नये. आणि ज्यांच्या कॅमेऱ्यात रॉची सोयच नाही, त्यांची मूळ जेपीजी ग्राह्य धरावी. मसुद्याला सभासदांच्या सह्या हव्या आहेत. नाव, जिल्हा आणि सही असलेला कागद स्पर्धेची मुदत संपण्याआधी आमच्या कार्यालयात पोहोचवा. ज्यांच्या प्रवेशिका परत आल्या आहेत, त्यांनी त्यावरच्या शेऱ्याची छायाप्रत न विसरता जोडावी.