औषध कुणासाठी, इंजेक्शन कुणासाठी?

घरातल्या कुत्र्याला कॅन्सर निघाला की त्या घराला दोन प्रकारचे सल्ले मिळू लागतात. "अहो, कुत्रंच आहे, त्याच्यावर किती खर्च करणार?" हा पहिला. "काहीही करा, पण त्याला वाचवा," हा दुसरा. पहिला शेजारीपाजारी आणि नातेवाईक देतात, दुसरा घरातली मुलं. दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे वाटतात. पण कुत्र्याला काय होतंय, हे दोन्हींत कुणीच विचारत नाही. पहिल्यात आपला पैसा बोलतो, दुसऱ्यात आपलं दुःख.

माझं म्हणणं साधं आहे. उपचार सुरू करायचे, थांबवायचे की शेवटचं इंजेक्शन द्यायचं, हे ठरवताना प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: हे कुणासाठी?

आमच्या घरात हा प्रश्न मागच्या पावसाळ्यात आला. शेरू आठ वर्षांचा, गावठी, एका पोळ्याच्या दिवशी रस्त्यावरून उचलून आणलेला. आदल्या दिवशी त्याने नेहमीसारखं दूध-पोळी खाल्लं होतं, कुरिअरवाल्यावर भुंकलाही होता. पट्टा सैल करताना मुलीच्या हाताला त्याच्या जबड्याखाली दोन गाठी लागल्या. तशाच मागच्या पायांत, गुडघ्यांच्या मागे. आठवडाभरात त्या लिंबाएवढ्या झाल्या. नागपूरला नेऊन सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. रिपोर्ट आला लिंफोमाचा.

"काल तर चांगला होता," हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. कुत्रा दुखणं लपवतो. लिंफोमाच्या गाठी काही दिवसांत वाढतात. प्लीहेची गाठ तर आत फुटून रक्तस्राव होईपर्यंत कळतच नाही. सकाळी अंगणात पळणारा कुत्रा संध्याकाळी उभा राहू शकत नाही. मोठ्या जातींच्या कुत्र्यांत पायाच्या हाडाचा कॅन्सर होतो, त्याचं लंगडणं लोक महिनाभर मुरगळणं समजतात. यात घरच्यांचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. "आधी का नाही आणलं?" हा प्रश्न म्हणूनच बऱ्याचदा अन्याय्य असतो.

दुसरी गोष्ट, 'कॅन्सर' हा शब्द एक असला तरी आजार अनेक आहेत. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये आपल्याकडे सर्रास दिसणारी गाठ म्हणजे टीव्हीटी, समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी. दिसायला ती भयंकर, रक्त गळणारी. पण व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध आठवड्यातून एकदा, असं काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. ती गाठ पाहून "आता काही उपयोग नाही" म्हणत कुत्रा सोडून देणारे लोक आहेत. त्यांनी एक बरा होणारा जीव सोडलेला असतो. कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात, आणि पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर त्या होण्याची शक्यता फारच कमी होते. म्हणून रडण्याआधी तपासणी. गाठीचं नाव कळल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

लिंफोमाचं चित्र मात्र वेगळं आहे. उपचार न केल्यास कुत्रा साधारण चार ते सहा आठवडे जगतो. नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर एक-दोन महिने बरे जातात. चार औषधांची केमोथेरपी दिली तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि बी-पेशींच्या प्रकारात सरासरी वर्षभराचं आयुष्य मिळतं, टी-पेशींच्या प्रकारात त्याहून कमी. आजार मुळापासून जाणं दुर्मीळ. माणसाच्या केमोसारखे हाल कुत्र्याचे सहसा होत नाहीत, कारण इथे मात्रा कमी ठेवतात आणि उद्देशच चांगले दिवस वाढवण्याचा असतो. एक खबरदारी इथेच सांगतो. केमो करायची शक्यता असेल तर आधी आपल्या मनाने स्टेरॉइड सुरू करू नये, त्याने पुढच्या औषधांचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीच देऊ नये. माणसाची वेदनाशामकं त्याचा जीव घेऊ शकतात.

शेरूसाठी केमोचा अर्थ होता दर आठवड्याला नागपूरची खेप. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. त्याला गाडीचं भय होतं. बसवलं की थरथरायचा, लाळ गाळायचा, ओकायचा. दोन खेपांतच ते स्पष्ट झालं. मुलगी म्हणाली, "पैसे नाहीत म्हणून का?" पैशांची ओढाताण होतीच, पण अडचण ती नव्हती. आठवड्यातले दोन दिवस प्रवासाच्या धास्तीत आणि दोन मळमळीत जाणार असतील, तर वाढलेले महिने कुणाला मिळणार होते? त्याला की आम्हाला? आम्ही घरी गोळ्यांवर ठेवायचं ठरवलं. गाडीत खुशाल खिडकीबाहेर तोंड काढून बसणारा कुत्रा असता, तर केमो करणंच योग्य ठरलं असतं. नियम एक, पण प्रत्येक कुत्र्यासाठी उत्तर वेगळं.

मुस्लिम घरात या साऱ्याला आणखी एक पदर असतो. कुत्रा पाळणं हाच मोहल्ल्यात चर्चेचा विषय असतो, मग त्याच्या आजारपणात सेवा करणं दूरच. आपल्याकडे बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. तिच्यात कुत्र्याची लाळ नापाक मानली जाते. मालिकी परंपरा कुत्र्याला पाक मानते. म्हणजे मतभेद आहेत, आणि ते शुद्धतेपुरते आहेत, दयेपुरते नाहीत. तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केलं, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. कुरआनातल्या गुहेतल्या तरुणांच्या कथेत उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा आहे. अम्मीने यातून आपला मार्ग काढला होता. शेरूची चादर बदलायची, औषध भरवायचं ते एका जुन्या ओढणीत. नमाजचे कपडे वेगळे. केमोच्या वेळी डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं: इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस त्याची ओकारी, लघवी हातमोजे घालूनच साफ करा, लहान मुलांना आणि गर्भवतीला लांब ठेवा. अम्मी म्हणाली, "धुवायचं तर आम्हाला आधीपासूनच ठाऊक आहे."

खरा पेच शेवटच्या इंजेक्शनचा असतो. "जीव देणारा तो, घेणारे आपण कोण?" असं मुसलमान म्हणतो. हिंदू आणि जैन शेजारी हेच अहिंसेच्या नावाने म्हणतात, आणि वर्ध्यात अहिंसा म्हटलं की बापूंचं नाव येतंच. म्हणून बापूंनी स्वतः काय केलं होतं, हे सांगायला हवं.

गांधी वर्ध्याला आले १९३४ मध्ये, शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले १९३६ मध्ये. ही गोष्ट त्याआधीची, साबरमती आश्रमातली, १९२८ सालची. आश्रमातलं एक जखमी वासरू वेदनेने तळमळत पडलं होतं. त्याला कुशीही बदलता येत नव्हती. गुरांच्या डॉक्टरने आशा सोडली. गांधींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा केली. एकाने हाच आक्षेप घेतला, की जो जीव निर्माण करता येत नाही तो घेण्याचा अधिकार नाही. गांधींचं उत्तर होतं की हा आक्षेप स्वार्थासाठी जीव घेणाऱ्याला लागू पडतो. इथे स्वार्थ कुठे आहे? डॉक्टर बोलावला गेला, गांधींच्या समोर इंजेक्शन दिलं गेलं, दोनेक मिनिटांत वासरू शांत झालं. ३० सप्टेंबर १९२८ च्या 'नवजीवन'मध्ये त्यांनी हे सगळं स्वतः लिहून जाहीर केलं. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. गांधी मागे हटले नाहीत.

त्याच लेखाचा दुसरा भाग लोक विसरतात. आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्नही त्यांनी त्यात घेतला होता. माकडांना मारलं तर ती हिंसाच, असं त्यांनी लिहिलं, कारण ते मारणं माकडांच्या भल्यासाठी नसून आपल्या पिकासाठी असेल. त्यांची कसोटी हीच आहे: हे कुणासाठी?

ही कसोटी दोन्ही बाजूंनी लावावी लागते. कुत्रा म्हातारा झाला, घर घाण करतो, दिवाळीला गावाला जायचंय, म्हणून इंजेक्शन मागणारा माणूस ते स्वतःसाठी मागतो. आणि श्वास लागलेल्या, अन्न सोडलेल्या कुत्र्याला "अजून थोडे दिवस" म्हणत सलाइनवर ठेवणाराही स्वतःसाठीच ठेवतो. पहिला निर्दय दिसतो, दुसरा प्रेमळ. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर फरक फारसा उरत नाही. इस्लामी फिकहमध्ये या इंजेक्शनबाबत एकमत नाही. पण जनावराचा जीव घ्यायचाच असेल तर पाते धारदार करा, त्याला यातना देऊ नका, ही प्रेषितांची शिकवण 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. यातना कमी करण्याची जबाबदारी त्यात स्पष्ट आहे.

वेळ झाली हे कसं ओळखायचं? अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक साधी मोजपट्टी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं बरं चाललंय. आम्ही वहीत रोज रात्री लिहायचो, घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळं. मुलीचे गुण नेहमी माझ्यापेक्षा जास्त असायचे. सातव्या आठवड्यात एका रात्री तिने स्वतःच 'आनंद'समोर शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले.

त्यांना विचारायचा एक प्रश्न प्रत्येकाने लक्षात ठेवावा: "आधी पूर्ण बेशुद्ध करणार ना?" बेशुद्ध न करता पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट टोचणं ही क्रूरता आहे, आणि जागतिक पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं ती अमान्य करतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या असाध्य आजारी कुत्र्यांसाठी २०२३ च्या नियमांत शिरेतून सोडियम पेन्टोबार्बिटलसारखी वेदनारहित पद्धत सांगितली आहे. घरच्या कुत्र्याला त्याहून कमी कशाला? नंतर खड्डा खोल घ्यावा, कारण हे औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारा प्राणीही मरू शकतो.

मुलांशी खोटं बोलू नये. "झोपवलं" म्हटलं की मूल झोपेला आणि इंजेक्शनला घाबरू लागतं. "तो मेला, त्याला दुखत होतं, आता दुखत नाही," एवढं पुरतं. मोठ्यांच्या दुःखाचं मात्र कुणी विचारत नाही. जनाजा नाही, दहावं नाही, कार्यालयात रजा मागायची सोय नाही. समाज ज्याला दुःखच मानत नाही अशा दुःखासाठी केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये एक संज्ञाच रूढ केली. आपण निदान दाराशी जाऊन दोन मिनिटं बसावं.

राहिला खर्चाचा आक्षेप. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यात कुत्र्यावर पैसे घालवता, असं मलाही ऐकवलं गेलं. हा आक्षेप मी झटकत नाही. पण शेरूवरचा पैसा वाचला असता तर तो कुणा शेतकऱ्याकडे गेला असता, असं नाही; तो एखाद्या लग्नाच्या मंडपात गेला असता. शिवाय याच जिल्ह्यात बैल मरणाला टेकला की शेतकऱ्याचं घर जेवत नाही. जनावराच्या दुखण्याची कदर त्यालाच सर्वांत जास्त असते.

आणि सोय नसल्याचा भुर्दंड त्यालाही बसतोच. माणसाच्या कॅन्सरसाठी सेवाग्राम आणि सावंगी इथे शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. मुंबईत २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, पण ते साडेसातशे किलोमीटर लांब. आपल्यासाठी जवळचं म्हणजे नागपूरचं १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. बेवारस, जखमी प्राण्यांसाठी पिपरी (मेघे) इथलं करुणाश्रम आहे. सरकारी दवाखान्यांचा भर गाई-म्हशी-शेळ्यांवर, तो असायलाही हवा. पण गाठीतल्या पेशी सुईने काढून काचपट्टी नागपूरला तपासायला पाठवणं, टीव्हीटीचं साप्ताहिक इंजेक्शन देणं, वेदनाशामक ठेवणं, याला मोठी इमारत लागत नाही. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एवढं झालं तर हिंगणघाट-आर्वीच्या माणसाला कुत्र्याची किंवा वासराची गाठ काय आहे, हे कळायला आठवडा घालवावा लागणार नाही.

तोपर्यंत आपल्या हातात एवढं आहे: महिन्यातून एकदा, आंघोळ घालताना, जबड्याखाली, खांद्यांपुढे, काखेत, जांघेत आणि गुडघ्यांमागे हात फिरवून पाहा. गाठ लागली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.