पान पिवळे पडले, युरियाची घाई नको

गच्चीवरच्या कुंडीतला पालक पिवळा पडला, की अनेक जण मूठभर युरिया टाकून मोकळे होतात. तापाचे कारण न शोधता प्रतिजैविके घेण्यासारखेच हे. पिवळेपणा हे लक्षण आहे, रोग नव्हे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची कमतरता संभवते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडते आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. कुंडीत पाणी साचले असेल, तर मुळेच गुदमरतात. तिथे खताचा उपयोग नाही.

जादा युरियाने मुळे करपतात आणि पालेभाजीत नायट्रेट साठते. तान्ह्या बाळांमध्ये जास्त नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. म्हणून घरची भाजी आपोआप निर्धोक ठरत नाही. आधी कुंडीचे भोक मोकळे करा, बोटभर खोल माती चाचपून पाहा, पाने निरखा. खत असो वा औषध, निदानाआधी देऊ नये.