मिठीचें पाणी किती खारें ?

हिंदींत ‘मीठा’ म्हणजे गोड आणि मराठींत ‘मीठ’ म्हणजे लवण. आमच्या उपनगरांतील मिठी नदीचें नांव या दोहोंच्या मध्यें उभें आहे, आणि तिचें पाणीही तसेंच. विहार तलावाचें धरण 1860 सालीं पुरें झालें, पवईचें त्यामागून. तेव्हांपासून डोंगराचें पाणी वर अडतें, आणि पावसाळ्यांत तलाव भरून वाहूं लागले म्हणजेच तें नदीस मिळतें. उलट माहीमकडून समुद्र दिवसांतून दोनदां आंत येतो. त्यास मागें लोटील एवढें पाणी उन्हाळ्यांत नदीपाशीं नसतें. म्हणून कुर्ल्याखालचा भाग निमखारा.

हा खारेपणा मोजावयाचा कसा? समुद्राच्या एका लिटरांत सुमारें 35 ग्रॅम लवण असतें. नदीच्या लिटरांत 7 ग्रॅम निघालें, तर त्यांत समुद्र किती? घरांतील विद्यार्थ्यांस हें त्रैराशिक अवश्य घालावें. उत्तर एक पंचमांश. प्रयोगशाळेंत सिल्व्हर नायट्रेटचें द्रावण थेंबथेंब घालून क्लोराइड काढतात, किंवा पाण्यांतून वीज किती सहज वाहते हें पाहून यंत्र क्षणांत आंकडा सांगतें. मात्र पाणी कोठून व केव्हां घेतलें हें कळल्यावांचून त्या आंकड्यास अर्थ नाहीं. न ढवळलेल्या शर्बताच्या पेल्यांत पाक तळाशीं राहतो, तसें जड खारें पाणी खालून शिरतें व गोडें वर राहतें. यास्तव वरची एक व तळाची एक अशा दोन बाटल्या, त्याही भरतीच्या व ओहोटीच्या निरनिराळ्या, घेतल्या पाहिजेत.

आतां उपाय. कोंकणांत खारजमिनीस बांध घालून त्यांत उघाडी ठेवतात. भरतीच्या दाबानें तिची झडप मिटते, ओहोटीस उघडते. मिठीच्या मुखाशीं असेंच दार बसवावें, हा विचार सहज सुचतो. परंतु 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ऐन भरतीस दार मिटलें असतां तेवढें पाणी बाहेर टाकावयास केवढे पंप लागतील !

उन्हाळ्याची गोष्ट तर याहून नाजूक. तेव्हां वरून येतें तें बहुतेक सांडपाणी. त्यांत लवण समुद्राच्या मानानें अत्यल्प, म्हणून यंत्र ‘खारेपणा कमी’ असा शुभ आंकडा दाखवील, आणि पाणी मात्र प्राणवायूवांचून कुजत असेल. भरतीचें खारें पाणीच त्या दिवसांत नदीची थोडी धुलाई करतें व माहीमची तिवरांची झाडी जगवतें. दार बसवावयाचेंच तर सांडपाणी आधीं वळवून शुद्ध करावें, उन्हाळ्यांत भरतीस वाट द्यावी, आणि त्या बाटल्यांत लवणाबरोबर विरघळलेला प्राणवायूही मोजावा.