'डिजिटल' म्हणजे काय रे भाऊ?

पोस्ट लांब आहे. गेमिंग कन्सोल म्हटल्यावर "पोराटोरांचा विषय" म्हणून पुढे सरकणाऱ्यांनी तर मुद्दाम वाचा, कारण बिल तुम्हीच भरता.

माझा पुतण्या यंदा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला. वहिनींची भिशी लागली होती, त्यांनी पोराला शब्द दिला होता. दुकानातला पोरगा म्हणाला, "मॅडम, हे डिजिटल मॉडेल घ्या. सेम टू सेम आहे, दहा हजार वाचतील." वहिनी खूश. शेजारचा मुलगा जर्मनीला शिकायला जाताना याला सहा गेमच्या डिस्क देऊन गेला होता, म्हणजे सुरुवातीचा खर्चही नाही. घरी आणून खोका उघडला. मशीन आडवं धरलं, उभं धरलं, पाठीमागे बघितलं. डिस्क घालायला फटच नाही!

मी वहिनींबरोबर परत दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "सर, बॉक्सवर डिजिटल लिहिलंय की. सील तुटल्यावर परत होत नाही." हे एकवेळ समजू शकतो, त्याला धंदा करायचाय. पण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्याच आयटीतल्या बंधूंनी लिहिलं, "एवढं साधं कसं कळत नाही? घेण्याआधी गूगल करायचं ना." या वाक्यावर माझं डोकं फिरलं, म्हणून ही पोस्ट.

कसं कळावं हो? आमच्याकडे भाजीवाल्याचा काटा डिजिटल, जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल, सातबाऱ्यावरची सही डिजिटल. चौकात दादांच्या वाढदिवसाचा जो बोर्ड लागतो त्यालाही कोल्हापुरात 'डिजिटल'च म्हणतात. गेली वीस वर्षं या शब्दाचा अर्थ एकच शिकवलाय, की जुन्यापेक्षा भारी. आणि इथे त्याचा अर्थ काय, तर एक भाग काढून घेतलाय. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एक्सबॉक्स वन एसचं 'ऑल-डिजिटल एडिशन' काढलं, सोनीने २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चं 'डिजिटल एडिशन'. 'बिनडिस्कचं मॉडेल' असं नाव ठेवलं असतं तर आमच्या वहिनीच काय, त्यांच्या सासूबाईंनाही कळलं असतं. खोक्याच्या मागे मुंगीएवढ्या इंग्रजीत असेलही काही. पण नाव ठेवणाऱ्याला काय ऐकू जावं हे बरोबर माहीत असतं.

आता वाचलेल्या दहा हजारांचं बघू. भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा डिस्कवालं ४९,९९० रुपयांना आणि बिनडिस्कचं ३९,९९० ला होतं. सोनीचा स्वतःचा नवा गेम ४,९९९ चा. म्हणजे दोन गेममध्ये बचत संपली. डिस्क असती तर गेम खेळून झाल्यावर मित्राला देता येतो, अर्ध्या किमतीत विकता येतो, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात कुठे सेकंडहँड मिळाला तर घेता येतो. मध्यमवर्गीय पोरांचं सगळं गेमिंग याच अदलाबदलीवर चालतं. बिनडिस्कच्या मशीनला एकच दुकान, कंपनीचं, आणि भाव तीच ठरवणार. (२०२३ च्या स्लिम मॉडेलला ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो हे मला माहीत आहे. कॉमेंटमध्ये सांगायची तसदी नको. आधीच्या मॉडेलला येत नाही, एक्सबॉक्स सिरीज एसलाही येत नाही.)

आणि हे एकट्या डिस्कचं नाही. पहिल्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी जागा लिहिलेली, हाताला लागायची साधारण ६६७. शंभर जीबीच्या वरचे गेम आता सर्रास आहेत, हिशोब करा. त्याच्या खोक्यावर '८के' असंही छापलं होतं. त्या भरवशावर कोणी टीव्हीचा विचार केला असेल तर त्याचं कठीण आहे, कारण मशीन बाजारात आलं तेव्हा ते चालूच नव्हतं, आणि २०२४ मध्ये खोक्यावरून ते अक्षर गुपचूप गेलं. टीव्हीवाल्यांची तर आणखी मजा. 'एचडीएमआय २.१' लिहिलं म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमचं चित्र दिसेलच असं नाही, कारण त्या मानकातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. आयटीतल्या बंधूंनो, हे तरी तुम्हाला माहीत होतं का? खरं सांगा.

बरं, समजून घेऊन विकत घेतलं तरी ते टिकेल याची हमी कुठे आहे? प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालायचं, लोकांनी त्यासाठी मशीन घेतली होती. १ एप्रिल २०१० ला अपडेट आला आणि ती सोय गेली. अपडेट नको म्हणालात तर ऑनलाइन खेळणं बंद. 'द क्रू' नावाचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता, यूबीसॉफ्टने २०२४ मध्ये सर्व्हर बंद केले, गेम संपला. डिस्क असलेल्यांचासुद्धा. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली, दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की डिजिटल माल विकताना तुम्ही मालक होत नाही, फक्त परवाना घेताय, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तिथला ग्राहक इंग्रजी वाचतो, तरी कायदा लागला. आणि आपल्याकडे म्हणे वहिनींनी गूगल करायला हवं होतं.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. या मशीनमध्ये वयाप्रमाणे गेम अडवायची, खेळायचे तास ठरवायची, महिन्याला किती खर्च करता येईल ते बांधून द्यायची सोय असते. उत्तम सोय आहे. पण मशीन पहिल्यांदा सुरू कोण करतं? घरात ते इंग्रजी ज्याला समजतं तो. म्हणजे तेरा-चौदा वर्षांचं कार्टंच. मराठीत मेनू नाही, मराठीत पत्रक नाही. आईबापाला ही सोय कळते ती कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज आल्यावर.

आपली चूक नाही असं मी म्हणत नाही. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणारे आपण, आणि चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूला "डिस्क कुठून घालायची ते दाखव" एवढं म्हणत नाही. दुकानातल्या एसीत आपल्याला प्रश्न विचारायची लाज वाटते. मला स्वतःला वाटते. त्या दिवशी मी आधी बरोबर गेलो असतो तरी 'डिजिटल'ला मान डोलावलीच असती.

पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावं लागतं. मग कन्सोलच्या खोक्यावर दर्शनी बाजूला, मराठीत, चार ओळी का नकोत? डिस्क चालते की नाही. वापरायला खरी जागा किती. ऑनलाइन खेळायला वर्षाला वेगळे पैसे लागतात की नाही. मुलांसाठीचं कुलूप कुठे आहे. दुकानदाराने 'सेम टू सेम' सांगून विकलं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आम्ही केली आहे. काय होतंय ते लिहीनच.

तोवर त्या सहा डिस्क वहिनींच्या शोकेसमध्ये गणपतीच्या मखराच्या सामानाशेजारी पडून आहेत. कोणाला हव्या असतील तर इनबॉक्स करा. पण आधी तुमच्या मशीनला फट आहे का ते बघा.