दुखरा खांदा बांधून ठेवू नका
बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत उसाच्या मोळ्या वाहून खांदा धरलेल्या आयाबाया आम्हाला नेहमी भेटतात. "हलवला तर नस तुटेल," म्हणून हात पोटाशी धरून बसतात. आमचे स्पष्ट मत आहे : जुन्या दुखण्यात ही भीतीच खांदा आणखी आखडवते. दुखणे म्हणजे दरवेळी इजा नव्हे. भिंतीवर बोटे चालवत हात रोज थोडा वर न्या, सोसेल इतकाच. मधुमेहात खांदा लवकर आखडतो, साखर तपासा. पण मोळी वाहणे हा व्यायाम नव्हे. हलके काम मागितले म्हणून मजुरी कापणे आम्हाला मान्य नाही. पडल्यावर हात उचलेना, ताप-सूज आली, छातीत दुखले तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. उपचार हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.