राखीव निधी : लोभ की दूरदृष्टी?

हिंगोली जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात सेवाकार्य करणाऱ्या छोट्या संस्थांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : गरिबांसाठी आलेला पैसा बँकेत का पडून आहे? प्रश्न गैर नाही. प्रभू येशूच्या दाखल्यातील, कोठारे वाढवू पाहणारा धनवान (लूक १२:१६-२१) आपल्या परिचयाचा आहे. परंतु सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवण्यास सांगणारा योसेफही (उत्पत्ती ४१:३४) त्याच पवित्र ग्रंथात आहे.

आपला कायदा योसेफाइतकाही उदार नाही. करसवलत हवी असल्यास धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के कार्यावर खर्च करावे लागतात. १५ टक्के विनामुदत राखता येतात. त्याहून अधिक साठवायचे तर हेतू लेखी कळवावा लागतो आणि मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. समजा, उत्पन्न ४ लाख. खर्च ३ लाख ४० हजार, शिल्लक ६० हजार. म्हणजे वर्षभराच्या काटकसरीतून जेमतेम दोन महिन्यांची तरतूद! सहा महिन्यांचा आधार उभा राहण्यास तीन वर्षे लागतात.

शिवाय ताळेबंदातील सारी शिल्लक संस्थेच्या हाती नसते. प्रकल्पाचे अनुदान प्रकल्पालाच बांधलेले असते. सप्टेंबर २०२० च्या कायदादुरुस्तीने परकीय देणगीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि ही देणगी दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळवणाऱ्या खेड्यांतील संस्थांना हा घाव अधिक खोल बसला. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतूनही २०२१ पासून कायम निधीस देणगी देता येत नाही.

उरते ती स्थानिक, विनाअट देणगी. हळद आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या जिल्ह्यात हाती पैसा येतो तो हंगामात. कार्यकर्त्यांचे मानधन मात्र दरमहा द्यावे लागते. पावसाळ्यातील रिकामे महिने राखीव निधीवरच निभावतात. त्याला लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

तरीही लोकांचा संशय अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे गेला की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत आम्हा धर्मगुरूंमध्येही आढळते. चर्चच्या कायदासंहितेतील कलम १२८७ मात्र सांगते की, श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांनाच द्यावा. एकूण शिल्लक किती, त्यातील बांधील किती, मोकळी किती आणि ती किती महिने पुरेल, हे चार आकडे वर्षातून एकदा रविवारच्या मिस्सानंतर वाचून दाखवण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत.