उपेक्षित काकाकुवा घरी आल्यावर

कोलशेतच्या चाळीत कुणाकडून हेळसांड झालेला, पिसे उपटलेला काकाकुवा तुमच्याकडे आला, तर त्याला खोडकर समजू नका. एकटेपणा, कोंडमारा किंवा आजार यांमुळे पक्षी स्वतःची पिसे उपटतो. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पहिले काही दिवस हात लावू नका. पिंजऱ्याजवळ बसून हळू बोला. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया खाऊन यकृतावर चरबी चढते. म्हणून हळूहळू गाजर, लाल भोपळा, मोड आलेले मूग सुरू करा. चहा, चॉकलेट, खारट पदार्थ देऊ नका. कुरतडायला कडुलिंबाची काडी, करवंटी द्या. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता हवी. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो. पिंजरा चुलीपासून लांब ठेवा. त्याच्या पिसांची पूड दम्याच्या माणसाला बाधते, हेही ध्यानात घ्या.

हा पक्षी परदेशी आहे. २०२४ च्या नियमांनुसार तो घरी आल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. आपला हिरवा पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पाळताच येत नाही.

काकाकुवा चाळीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तेव्हा जबाबदारी घेण्याआधी घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, विचारा. पुन्हा टाकला गेला, तर तो सावरणे कठीण.